मर्लोच्या दोन बाटल्या आणि नाशिकचं जेवण: काय रांधावं?

कॉलेजरोडकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नणंद आणि तिचे यजमान पुण्याहून राहायला येत आहेत. दोघांनाही वाईनची मनापासून आवड. घरात मर्लोच्या, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षापासून केलेल्या रेड वाईनच्या, दोन चांगल्या बाटल्या आहेत. एक आपल्या दिंडोरीकडची ‘रिझर्व्ह’, दुसरी फ्रान्सच्या सेंट एमिलियनची, २०१६ ची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चाखायचा बेत आहे.

नेटवर शोधलं की सगळीकडे तेच: भाजलेलं कोकरू, बदक, आणि इथे मिळणारही नाहीत अशी चीझ. माझ्या ओट्यावर यातलं काही होणार नाही, आणि व्हावं असंही मला वाटत नाही. ज्या मातीत हे द्राक्ष पिकतं तिथलं जेवण त्याच्या वाईनसोबत जुळलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मनात काळ्या मसाल्याचं मटण आहे. सासूबाई शाकाहारी आहेत, पण एक घोट चाखायची त्यांचीही इच्छा आहे. त्यामुळे शाकाहारी पदार्थ नावापुरता नको, मटणाच्या तोडीचा हवा. तिखट किती चालेल? बाटली गार करायची का? जेवणाआधी चाखायची की जेवताना? स्वतः करून पाहिलेलं सांगा, ही विनंती.

झणझणीत_पंचवटी
नाशिकचं जेवण म्हटलं की मिसळ! काळा रस्सा, वर शेव, कांदा, लिंबू, सोबत पाव. पुण्याच्या पाहुण्यांना आधी आपली मिसळ घाला, मग पुढचं बोला. रेड वाईन दमदार असते म्हणतात, मग तिने रस्स्याला पेलायला काय हरकत आहे?

सायखेडा_फाटा
+१ मिसळीला. वाईनबद्दल तज्ज्ञांची वाट बघतो. वाचनखूण साठवली आहे.

तळघर
मी एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम करतो. कुठल्या ते सांगत नाही, म्हणजे मोकळेपणाने लिहिता येईल.

@झणझणीत, मिसळ मला प्रिय आहे, पण मर्लोसोबत नको. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते. दुसरं म्हणजे रेड वाईनमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा. तिखटाने चुरचुरणाऱ्या जिभेला तो आणखी बोचतो. त्यात लिंबू पिळलं की वाईनचा स्वतःचा आंबटपणा झाकला जातो आणि ती सपक लागते. एका ताटात तिन्ही गोष्टी आल्या तर चांगल्या बाटलीत काय होतं ते कळतच नाही.

कॉलेजरोडकर ताई, आधी चाखण्याबद्दल. जेवणाआधी अर्धा तास काढा आणि दोन्ही वाईन नुसत्या प्या, तोंडी लावणं काही नको. उदबत्ती लावू नका, त्या दिवशी अत्तरही नको. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर गच्चीत बसा. वाईनची निम्म्याहून जास्त चव नाकात असते.

ग्लास तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. तिसरा हिस्साच भरा, म्हणजे फिरवायला जागा राहते. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघा. तरुण मर्लोची कड जांभळट लाल असते. वय वाढलं की ती विटकरीकडे झुकते. काचेवरून ओघळणाऱ्या धारांना लोक फार महत्त्व देतात, पण त्यातून मुख्यतः अल्कोहोल कळतं, दर्जा कळत नाही.

मग वास. आधी ग्लास न हलवता, मग फिरवून. मर्लोत आलुबुखार, काळी चेरी, क्वचित चॉकलेट सापडेल. ढोबळी मिरचीचा हिरवट वास जास्त आला तर द्राक्ष पुरतं पिकायच्या आत खुडलं गेलं असं समजा. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बुचाचा दोष आहे. ती बाटली कितीही महाग असली तरी बाजूला ठेवा.

शेवटी घोट. लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा. हिरड्या आणि गाल कोरडे पडतात ते टॅनिनमुळे. बिनदुधाचा चहा जास्त उकळला की जसं होतं तसं. तोंडाला पाणी सुटतं ते आंबटपणामुळे. गिळल्यावर चव किती वेळ मागे राहते ते बघा. चांगली वाईन इथे ओळखू येते. मर्लोचं टॅनिन कॅबर्ने सोव्हिनियाँ या दुसऱ्या काळ्या द्राक्षापेक्षा मऊ असतं, म्हणून रेड वाईनची सवय नसलेल्यालाही ती चालते. सासूबाईंसाठी निवड अगदी योग्य आहे.

तापमान १६ ते १८ अंश. ‘रूम टेम्परेचरला द्या’ हा सल्ला थंड देशातल्या दगडी घरांचा आहे. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यातल्या खोलीत दिली तर फक्त अल्कोहोल नाकात जाईल. तुमचा बेत डिसेंबरचा आहे. रात्री जेवणार असाल तर फ्रिजची फारशी गरज नाही. दुपारी असेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढा.

अण्णा_रामकुंड
मी स्वतः घेत नाही आणि घरात आणतही नाही. नाशिकची ओळख आधी गोदावरी आणि कुंभमेळा, हे तरुणांनी विसरू नये असं मला वाटतं. पण द्राक्षाने आपल्या शेतकऱ्यांना चार पैसे दिले, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एवढीच विनंती: ज्याने घेतली त्याने त्या रात्री गाडीला हात लावू नये. पाहुणे घरीच राहणार आहेत हे वाचून बरं वाटलं.

कॉलेजरोडकर
अण्णा, शब्द देते. गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे असतील.

@तळघर, गच्चीची कल्पना फार आवडली. ‘रिझर्व्ह’ म्हणजे नक्की काय, तेही सांगाल का?

तळघर
स्पेनमध्ये ‘रिझर्वा’ म्हणायला कायद्याने रेड वाईन किमान ३ वर्षं मुरवावी लागते, त्यातलं किमान १ वर्ष ओकच्या पिंपात. आपल्याकडे तो शब्द उत्पादक स्वतःच्या वरच्या वाईनसाठी वापरतात. चांगली वायनरी निवडक प्लॉटची द्राक्षं आणि पिंपातला काळ यावर तो लावते. मागच्या लेबलवर पिंपात किती महिने होती ते दिलंय का बघा. दिलं असेल तर शब्दामागे काही आहे असं धरा.

द्राक्षवेल_मोहाडी
आमची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. खायची द्राक्षं वडिलांच्या काळापासून, वाईनची नंतर आली. चवीवर तळघर बोलले, मी मुळावर बोलतो. तुमच्या दोन बाटल्यांत जो फरक लागणार आहे, तो बागेत पडलेला असतो.

युरोपात वेल थंडीत झोपते. वसंतात फुटते आणि द्राक्षं पिकतात तेव्हा उन्हाळा उतरणीला लागलेला असतो. दिवस थंड होत जातात आणि मणी सावकाश पिकतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. माल पिकतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऊन रोज चढत असताना. रात्र गार, दुपार तापलेली. साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. त्यामुळे नाशिकच्या रेडमध्ये पिकलेल्या फळाची चव पुढे येते आणि धार थोडी कमी असते. याला मी दोष मानत नाही. ही इथल्या हवेची चव आहे.

मर्लो लवकर पिकणारी जात. कॅबर्नेच्या आधी खुडा होतो, म्हणजे मार्चचं ऊन चुकवता येतं. हा फायदा. पण साल पातळ. अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात आणि घड सडायला लागतो. फुलोऱ्यात ढगाळ हवा लागली तर गळ होते. डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांची धास्ती तर सगळ्याच जातींना. म्हणून आमच्या पट्ट्यात शिराझ आणि कॅबर्ने जास्त दिसतील, पांढऱ्यात शेनिन ब्लाँ आणि सोव्हिनियाँ ब्लाँ. मर्लो लावणारा शेतकरी थोडा जिद्दी असतो.

खायच्या द्राक्षाचे घड आपण संजीवकांत, म्हणजे वाढीच्या द्रावणात, बुडवून मणी फुगवतो. वाईनच्या द्राक्षाला ते अजिबात नाही. मणी लहान हवा, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त येते. रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो. थॉमसन या खायच्या जातीचा एकरी दहा टनांच्या वर माल निघालेला आम्हाला चालतो. चांगल्या रेडसाठी तो चार-पाच टनांवर रोखावा लागतो, बाकी घड हिरवे असतानाच काढून टाकायचे. आमच्या वडिलांना पहिल्या वर्षी ते बघवलं नाही. धरलेलं फळ कुणी हाताने खाली टाकतं का, म्हणून दुपारभर बागेत आले नाहीत.

खुड्याआधी ब्रिक्स, म्हणजे रसातलं साखरेचं प्रमाण, मोजतात, वाईनला २२ ते २४ लागतो. पण नुसत्या साखरेवर जाऊ नये. मणी चावून बी बघायची. बी तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली तर माल तयार. हिरवी असेल तर थांबायचं, मग वायनरीचा ट्रक दारात उभा असला तरी.

आणखी एक सांगायचं आहे. १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सुला वायनरी उभी केली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं. त्या भरात पुष्कळ शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती लावल्या. २००८ नंतरच्या मंदीत मालाला उठाव राहिला नाही आणि अनेकांनी उभ्या बागा काढून पुन्हा खायची द्राक्षं धरली. त्या काळात ज्यांनी बाग राखली, त्यांच्या वेली आज जुन्या झाल्या आहेत आणि माल कमी पण सकस देतात. तुमच्या रिझर्व्हच्या बाटलीत अशा एखाद्या बागेचा रस असू शकतो. म्हणून ती फ्रेंच बाटलीपुढे दुय्यम समजून उघडू नका.

सायखेडा_फाटा
दादा, प्रतिसाद नाही, स्वतंत्र लेख आहे हा. बी चावून बघायची हे माहीत नव्हतं.

कॉलेजरोडकर
वडिलांचं वाचून गलबललं. दोन्ही बाटल्या कागदात गुंडाळून ठेवणार, कुणाला कुठली ते कळणारच नाही.

उजवा_किनारा
मी नाशिकरोडचा, सध्या कामानिमित्त फ्रान्सच्या बोर्दोत, म्हणजे सेंट एमिलियन ज्या वाईनच्या पट्ट्यात येतं तिथे. तुमच्या सेंट एमिलियनच्या लेबलवर ‘मर्लो’ हा शब्द बहुधा सापडणार नाही. इथे गावाचं नाव लिहितात, जातीचं नाही. दोर्दोन्य नदीच्या या उजव्या काठावर मर्लोच मुख्य, सोबत बहुतेक वेळा कॅबर्ने फ्राँ. म्हणजे तुमची बाटली पूर्ण मर्लो नसण्याची शक्यता मोठी. कॅबर्ने फ्राँ ही मर्लोच्या दोन जनक जातींपैकी एक आहे, त्यामुळे बाप-लेक एकाच बाटलीत आहेत असं समजा.

इथे मर्लो का रुजली, याचं उत्तर मातीत आहे. बोर्दोत ज्याला डावा काठ म्हणतात, म्हणजे गारोन-जिरोंदची डावी बाजू, तिथे खडी आहे. ती तापते, म्हणून उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिनियाँ तिथे जमते. उजव्या काठावर चुनखडी आणि चिकणमाती. ती गार आणि ओलसर राहते, तिथे लवकर पिकणारी मर्लोच हवी. शेजारच्या पोमेरोलमधली पेत्र्यूस ही जगातली सर्वांत महाग वाईनींपैकी एक. ती जवळजवळ निव्वळ मर्लो आहे आणि तिची बाग निळसर चिकणमातीच्या टेकाडावर आहे. मर्लोला ‘हलकी, सोपी वाईन’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो.

२०१६ हे इथलं उत्तम वर्ष. जेवणाच्या तासभर आधी बाटली उघडून वाईन रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओता. नुसतं बूच काढून ठेवल्याने काही होत नाही, हवा लागायला ती ओतावीच लागते.

@द्राक्षवेल, एक गंमत. चिलीमध्ये वर्षानुवर्षं मर्लो म्हणून विकली जाणारी बरीचशी द्राक्षं मर्लो नव्हतीच. १९९४ मध्ये ज्याँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने पानं आणि फुलं बघून ती कार्मेनेर नावाची दुसरी जात असल्याचं ओळखलं. तिथल्या शेतकऱ्यांना तोवर एवढंच दिसत होतं की काही वेली उशिरा पिकतात.

द्राक्षवेल_मोहाडी
पटतं. रोपवाटिकेतून काडी आली की आपण चिठ्ठीवर विश्वास ठेवतो. पहिलं पान उमलेपर्यंत कोण बघतं!

लेवा_किचन
माहेर भुसावळचं, सासर इंदिरानगर. शाकाहारी पदार्थाचा प्रश्न बाजूलाच राहिला म्हणून लिहिते. भरीत करा. खानदेशी, काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं. आता हंगाम आहे, जळगावकडची हिरवी-पांढरी वांगी नाशिकच्या बाजारात येतात. त्या वांग्यांना भौगोलिक मानांकनही आहे.

हे नुसतं माहेरच्या अभिमानाने सांगत नाही. रेड वाईन ज्या ओकच्या पिंपात मुरते ते पिंप आतून विस्तवावर भाजलेलं असतं. भरताचा धूर आणि पिंपाचा धूर एकमेकांना ओळखतात. वांग्याचा गर मऊ आणि तेल सढळ, म्हणून तुरटपणा टोचत नाही. वर शेंगदाणे आणि कांद्याची पात. एकच बदल करा: नेहमीच्या हिरव्या मिरच्या निम्म्याहून कमी. मिरच्या भाजून, बिया काढून, लसणासोबत ठेचा. सोबत कळण्याची भाकरी.

घरी तुपाचं वावडं नसेल तर बट्टीही करा. तुपात बुडवलेली बट्टी आणि उडदाचं घट्ट वरण, त्यात आमसूल-चिंच नको. तुपाने टॅनिन गोल होतं, हे मी दर हिवाळ्यात अनुभवते.

शेवभाजी मात्र कटाक्षाने टाळा. मला ती जीव की प्राण आहे, पण तिचा रस्सा वाईनला जगू देणार नाही.

झणझणीत_पंचवटी
मिसळ गेली, शेवभाजी गेली. आता मटण तरी राहू द्या!

लेवा_किचन
मटण राहणारच! फक्त रस्सा नको, सुकं करा. कांदा आणि खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, त्यात दगडफूल, मसाला वेलची, चक्रीफूल, थोडे तीळ. काळ्या मसाल्याचा खरा जीव भाजण्यात आहे, मिरचीत नाही. रंगासाठी ब्याडगी घ्या, लवंगी अजिबात नको. भाजलेल्या खोबऱ्याची चव वाईनमधल्या ओकशी फार छान जाते. लिंबाची फोड ताटात ठेवू नका. सोबत दही नको, सोलकढीही नको.

तळघर
लेवाताईंच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. खोबऱ्याचं तर अगदी खरं. अमेरिकन ओकमधून खोबऱ्यासारखा वास खरोखरच वाईनमध्ये उतरतो. मटणातलं मीठ, चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, म्हणून घासानंतरचा घोट नुसत्या घोटापेक्षा मऊ लागतो.

एका गोष्टीवर मात्र बाजारात चाललेल्या सल्ल्याशी माझा वाद आहे. जेवणानंतर मर्लोसोबत चॉकलेट खा, असं सर्रास सांगतात. कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, वाईनसोबत गोड खाल्लं की वाईन आंबट आणि कडवट लागते. पुरणपोळी, गाजर हलवा, चॉकलेट, सगळ्याला हेच लागू. गोड हवं असेल तर ग्लास संपल्यावर, मध्ये पाणी पिऊन.

गोदाकाठ
आमच्याकडे धरणातले मासे छान मिळतात. मरळ तळून मर्लोसोबत चालेल?

तळघर
मी नाही देणार. रेड वाईनमध्ये लोह जास्त असलं तर माशाच्या तेलाशी त्याची गाठ पडून तोंडात धातूसारखी, शिळ्या माशाची चव राहते. मरळीला शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिनियाँ ब्लाँ द्या, थंडगार. हुरड्यालाही तीच.

वरणभात_तूप
शाकाहारी सासूबाईंच्या निमित्ताने सांगते, कारण आमच्या घरी हा विषय निघाला होता. वाईन निवळवायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात. नंतर तो गाळून काढतात, पण कडक शाकाहारी माणसाला हे आधी माहीत असायला हवं. लेबलवर ‘व्हीगन’ लिहिलंय का बघा किंवा वायनरीला विचारा.

उजवा_किनारा
बरोबर. बोर्दोत रेड वाईनसाठी अंड्याचा पांढरा बलक वापरणं ही फार जुनी पद्धत आहे. सेंट एमिलियनच्या बाटलीबाबत खात्री नसेल तर सासूबाईंना नाशिकचीच द्या, वायनरीला फोन करून विचारता येईल.

कॉलेजरोडकर
हे मनातही आलं नव्हतं. आजच फोन करते. आभार, वरणभात ताई.

डॉक्टर_निफाड
धागा छान रंगला आहे. दोन गोष्टी वैद्यकीय. ‘रोज एक ग्लास रेड हृदयाला चांगली’ हे ऐकून कुणी सुरुवात करू नये. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. घ्यायची तर चवीसाठी आणि मोजकी. सासूबाईंना रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्या एका घोटाआधीही त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरं, रेड घेतली की डोकं दुखतं म्हणून लोक सल्फाइटला, म्हणजे वाईन टिकवायला घालतात त्या पदार्थाला, दोष देतात. पण पांढऱ्या वाईनमध्ये सल्फाइट सहसा रेडपेक्षा जास्त असतं. पाणी कमी पिणं आणि भरभर पिणं ही साधी कारणं आधी तपासा.

कॉलेजरोडकर
पाहुणे काल परतले. मांडवात बसलेल्या सगळ्यांना वृत्तांत देणं माझं कर्तव्य आहे.

नाशिकच्या वाईनला प्राण्यांपासूनचं काही लावलेलं नाही असं वायनरीने सांगितलं, आणि सासूबाईंच्या डॉक्टरांनीही एका घोटाला हरकत घेतली नाही. संध्याकाळी गच्चीत बसलो. थंडी चांगली होती, फ्रिजची गरज पडली नाही. बाटल्या गुंडाळलेल्या. पहिलीचा वास ग्लास जवळ आणताच आला, पिकलेलं आलुबुखार आणि थोडं जांभूळ. घोट भरघोस, मऊ, घशात जरा ऊब देणारा. दुसरी आधी गप्प होती. फिरवल्यावर सुकी पानं, मग काळी चेरी. हिरड्या चांगल्याच कोरड्या पडल्या, पण चव बराच वेळ मागे राहिली. नणंदेने दोन्ही अचूक ओळखल्या, यजमानांनी उलट्या सांगितल्या आणि रात्रभर स्वतःची बाजू लढवली.

मग जेवण. सुक्या मटणासोबत फ्रेंच बाटली जिंकली यावर सगळ्यांचं एकमत झालं. नुसती पिताना जो कोरडेपणा बोचत होता तो मटणाच्या घासाने कुठल्या कुठे गेला, आणि भाजलेल्या खोबऱ्यानंतर तिच्यात एक गोडसर धूर लागायला लागला. मी मुद्दाम एका वाटीत नेहमीचा तिखट रस्साही ठेवला होता. त्याच्या एका भुरक्यानंतर तीच वाईन कडू आणि जळजळीत. तळघर म्हणाले तसंच.

भरतासोबत मात्र नाशिकची. तिचं पिकलेलं फळ आणि वांग्याचा धूर यांची जी जोडी जमली, ती मला त्या रात्री सर्वांत आवडली. सासूबाईंनी घोटाघोटाने अर्धा ग्लास संपवला. म्हणाल्या, “भाकरीसोबत बरी लागते. नुसती नको.” @द्राक्षवेल, तुमचा प्रतिसाद मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवला. दोन्ही बाटल्यांतली एक निवडा म्हटलं तर घरात आजही दोन तट आहेत.

लेवा_किचन
भरीत जिंकलं! मिरच्या किती घातल्या ते सांगा.

कॉलेजरोडकर
तुम्ही म्हणालात त्याहूनही कमी. कुणालाच कमी वाटल्या नाहीत, वर पातीने काम केलं.

द्राक्षवेल_मोहाडी
वडिलांना वाचून दाखवलं. फेब्रुवारीत खुडा आहे, नणंदबाईंना घेऊन बागेत या. मणी चावून बी बघायची असते ती तेव्हाच.

झणझणीत_पंचवटी
मी मिसळीचा आग्रह मागे घेत नाही, फक्त तिला ताकासोबत ठेवतो. पण एक विचारू? फ्रेंच बाटलीच्या शेवटच्या ग्लासात गाळ येतो म्हणतात. ती वाईन टाकून द्यायची का?

तळघर
गाळ अपायकारक नसतो. मुरलेल्या वाईनमधला रंग आणि टॅनिन एकत्र येऊन खाली बसतात, कधी टार्टारिक आम्लाचे स्फटिकही असतात. चव मात्र रवाळ आणि कडवट लागते. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवायची आणि ओतताना गळ्याखाली उजेड धरायचा. गाळ गळ्यापाशी आला की थांबायचं. उरलेला तळ मटणाच्या मसाल्यात घातला तर वाया जात नाही. अर्धी बाटली उरली असेल तर बूच लावून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा आणि पिण्याआधी थोडी बाहेर काढून ठेवा.